जुनी मियाटा, ओला गालिचा आणि चौदाशे डॉलरचं एस्टिमेट

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून)

नमस्कार. मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. दोन सीटच्या उघड्या गाडीची हौस कॉलेजपासूनची, ती चाळिशी उलटल्यावर भागवली. यंदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला १९९६ची माझदा मियाटा घेतली. ९८ हजार मैल झालेली, पाच गियरची, कापडी टपाची. चालवायला झकास आहे, पण कुरकुरी संपत नाहीत. गाडी लावतो तिथे इंजिनाच्या मागच्या बाजूला तेलाचे थेंब पडतात. गॅरेजवाला म्हणाला, रियर मेन सील (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला तेल अडवणारं रबर) गेलंय, गियरबॉक्स उतरवावा लागेल, १४०० डॉलर. जोराचा पाऊस झाला की सीटमागचा गालिचा ओला. सकाळी पहिला आणि रिव्हर्स गियर करकरत पडतात, क्लच दोन-तीनदा दाबला की मग ठीक. थंड इंजिनातून टिकटिक येते. चढावर पाचव्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की गचके. आणि डावा हेडलाइट कधीकधी अर्धाच वर येऊन थांबतो. बायको म्हणते, हे खेळणं विकून टाका. खरंच विकू का?

उत्तर

चौदाशे डॉलर आत्ता देऊ नका. गाडी विकायची की नाही हे शेवटी बघू.

तुमच्या गाडीत सहा बिघाड आहेत असं मला वाटत नाही. तिशीकडे आलेल्या गाडीत जे व्हायचं तेच झालंय: रबर कडक झालंय, पाण्याच्या वाटा तुंबल्यात आणि कुणीतरी पूर्वी स्वस्तात उरकलंय. यातलं बहुतेक काम तुम्ही घराबाहेरच्या ड्राइव्हवेवर करू शकाल. फक्त क्रम चुकवायचा नाही. स्वस्त आणि डोळ्यांनी दिसणारं आधी, महाग आणि गियरबॉक्स उतरवणारं सगळ्यात शेवटी.

तेलापासून सुरुवात करू, कारण पैसे तिथेच अडकलेत.

मियाटाचं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसवलेलं असतं. त्याच्या हेडच्या, म्हणजे वरच्या भागाच्या, अगदी मागच्या टोकाला, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) चिकटून म्हणावं इतक्या अडचणीच्या जागी, एक मुठीएवढा गोल भाग बसवलेला असतो. तो कॅम अँगल सेन्सर. त्याचं टोक कॅमशाफ्टमध्ये (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यात) जातं आणि तिथलं तेल बाहेर येऊ नये म्हणून त्याला एक ओ-रिंग असते. इंजिनाच्या उष्णतेत इतकी वर्षं राहून ही रिंग कुकरच्या जुन्या रिंगेसारखी कडक होते आणि तेल झिरपायला लागतं. मग ते हेडच्या मागून खाली उतरतं, बेलहाउसिंगवर (इंजिन आणि गियरबॉक्सच्या मधलं आवरण) पसरतं आणि त्याच्या खालच्या कडेवरून थेंब थेंब पडतं. रियर मेन सील गळलं तरी थेंब नेमका तिथूनच पडतो! लिफ्टवर गाडी चढवून खालून बघणाऱ्या माणसाला दोन्ही सारखंच दिसतं. त्यामुळे तुमचा गॅरेजवाला लबाड आहे असं मी म्हणणार नाही. पण चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार मियाटाच्या बाबतीत इतका सर्रास घडतो, की वरून न बघता सांगितलेलं रियर मेन सील मी तरी मान्य करत नाही.

बघायचं कसं? इंजिन पूर्ण थंड असताना बोनेट उघडा. फोनचा टॉर्च लावा, व्हिडिओ चालू करा आणि फोन हेडच्या मागे, फायरवॉलच्या बाजूनं खाली धरून हळूच फिरवा. हात जात नाही तिथे फोन जातो. मग टिश्यू पेपर बोटाला गुंडाळून सेन्सरच्या खालून फिरवा. टिश्यू काळाभोर ओला आला तर चोर सापडला. तसाच टिश्यू टॅपेट कव्हरच्या (हेडवरच्या झाकणाच्या) मागच्या दोन कोपऱ्यांवरही फिरवा, कारण त्या कव्हरचं पॅकिंगसुद्धा याच वयात गळतं आणि त्याचंही तेल त्याच वाटेनं खाली जातं. खात्री हवी असेल तर सगळा मागचा भाग ब्रेक क्लीनरनं पुसून काढा (इंजिन थंड असतानाच, गरम सायलेन्सर पाइपवर तो फवारा कधीही मारायचा नाही), दोन-तीन दिवस गाडी चालवा आणि पुन्हा बघा. वरचा भाग कोरडा आणि फक्त खाली ओलं, असं दिसलं तरच रियर मेन सीलचा विचार करायचा.

ओ-रिंग काही डॉलरची असते. सेन्सर एका १२ मिलिमीटरच्या बोल्टवर आहे. पण बोल्टला पाना लावण्याआधी एक काम न विसरता करा: पांढऱ्या पेंट मार्करनं सेन्सर आणि हेड या दोघांवरून एक सलग रेघ मारा. हा सेन्सर जागेवर थोडासा जरी फिरला तरी इंजिनाचं इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बदलतं. परत बसवताना रेघेला रेघ जुळली की काम झालं. रेघ मारायची राहिली, तर टायमिंग लाइट आणून, बोनेटखालच्या डायग्नोसिस बॉक्समधल्या (तपासणीसाठीचा कनेक्टर) टीईएन आणि जीएनडी या दोन टोकांना वायरीनं जोडून, बेस टायमिंग १० अंशांवर आणत बसावं लागेल. जमतं तेही, पण एका रेघेनं वाचणारी दुपार घालवायची कशाला? जुनी रिंग निघताना बहुधा तुकड्यांत निघते, सगळे तुकडे मोजून बाहेर काढा. नवी रिंग तेलाचं बोट फिरवूनच बसवा.

आता ओला गालिचा. टप गळतंय असं वाटून लोक नव्या टपासाठी हजार डॉलर मोजतात आणि पुढच्या पावसात गालिचा पुन्हा ओला होतो. टपाच्या मागच्या कडेला, सीटमागे, कापडाखाली एक रबरी पन्हळ असते. टपावरचं पाणी त्या पन्हळीत जमतं, दोन्ही कोपऱ्यांना, सीट बेल्टच्या खांबांपाशी येतं, तिथल्या भोकात पडतं आणि बॉडीतल्या नळीतून खाली, मागच्या चाकाच्या पुढे जमिनीवर निघून जातं. म्हणजे या गाडीत पाणी थोडं आत येणं हे ठरवूनच केलेलं आहे, ते बाहेर जायची वाट तेवढी मोकळी पाहिजे. न्यू जर्सीत वसंतातली पिवळी परागधूळ, मेपलच्या बिया आणि शरदातला पाला, सगळं त्या भोकात जाऊन त्याचा गारा होतो. मग पाणी वाट फुटेल तिकडे जातं. पहिली वाट फुटते ती गालिच्याकडे.

टप अर्धवट दुमडा. हे करताना मागची प्लॅस्टिकची काच आधी झिप उघडून सपाट पाडा, तशीच दुमडली तर तिला कायमची घडी पडते. थंडीत तर तिला हातही लावू नका, ती तडकते. मग सीट बेल्टच्या खांबामागच्या कोपऱ्यात बोट घाला. हाताला चिखल लागेलच, तो चमच्यानं काढा. त्यानंतर बाटलीभर पाणी हळूहळू ओता आणि कुणाला तरी मागच्या चाकाच्या पुढे वाकून बघायला सांगा. धार लागली तर वाट मोकळी. पाणी वर तुंबलं, तर गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी मिळते ती घ्या, तिचं टोक मेणबत्तीवर जरा गोल करा आणि नळीत फिरवत, न दामटता खाली सारा. कपड्याच्या हँगरची तार घालू नका, ती नळीला भोक पाडते. कॉम्प्रेसरची हवाही मारू नका, त्यानं आतली नळी निसटते आणि मग पाणी थेट बॉडीच्या पोकळीत जातं. दोन्ही बाजूंना करा आणि पुढे वर्षातून दोनदा, पानगळीनंतर आणि परागधुळीनंतर, न चुकता करत जा.

गालिचा वरून वाळला म्हणून फसू नका. त्याच्या खालचं जाड अस्तर कित्येक आठवडे पाणी धरून ठेवतं आणि खालचा पत्रा गुपचूप गंजतो. सीट काढा (चारच बोल्ट असतात), गालिचा उचला आणि पंखा लावून ठेवा.

या तुंबलेल्या वाटेचा खरा फटका गालिच्याला नाही, सिलला बसतो. दारांखालचा जो लांब डबा असतो त्याचं मागचं टोक, मागच्या चाकाच्या अगदी पुढे, ही मियाटाची सर्वांत आधी सडणारी जागा. वरून तुंबलेलं पाणी आणि खालून तुमच्याकडच्या रस्त्यांवरचं हिवाळ्यातलं मीठ, दोन्ही तिथे भेटतात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं त्या भागावर टकटक करत जा. टणक आवाज आला तर ठीक. आवाज मेलेला, बद्द आला किंवा रंग फुगलेला दिसला, तर आत गंज आहे. ही टकटक सगळ्यात आधी करा, तेलाच्याही आधी. कारण मी पुढे जे विक्रीचं बोलणार आहे ते यावर ठरणार आहे.

क्लचची गोष्ट सोपी आहे. दोन-तीनदा दाबल्यावर गियर पडतो म्हणजे क्लच प्लेट ठीक आहे, हायड्रॉलिकमध्ये हवा शिरतेय किंवा तेल गळतंय. प्लेट घसरत असती तर इंजिनाचा आवाज चढला असता आणि गाडीनं वेग घेतला नसता, ते तुम्ही लिहिलेलं नाही. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर ऑइल ढकलतो आणि त्या दाबानं खालचा स्लेव्ह सिलिंडर क्लच सोडवतो; या गाडीत गुन्हेगार बहुतेक वेळा हा स्लेव्ह असतो. गियरबॉक्सच्या बाहेर, तुमच्याकडच्या डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत प्रवाशाच्या बाजूला, दोन बोल्टवर बसवलेला. आधी वरची क्लचची टाकी बघा, पातळी खाली गेली असणार. मग गाडीखाली जाऊन स्लेव्हच्या रबरी टोपीची कड हळूच उचला. आतून ब्रेक ऑइल टपकलं तर त्याचं सील गेलं. सोबत पेडलच्या वर, डॅशखाली टॉर्च मारून मास्टर सिलिंडरही बघून घ्या, तोही ओला असू शकतो. माझं मत विचाराल तर दोन्ही एकदम बदला. एकाचं सील या वयात गेलं की दुसऱ्याचं मागोमाग जातं, आणि हवा काढायचं काम दोनदा करण्यात काही शहाणपण नाही. डॉट ३ ऑइल घाला. वहिनींना पेडलवर बसवा, तुम्ही खाली ब्लीडर (हवा काढायचा स्क्रू) सोडा-आवळा करा. ऑइल रंगावर सांडू देऊ नका, रंग उठतो.

गाडीखाली जायचं म्हटलं म्हणून सांगतो: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही. स्टँड लावायचे, सपाट जमिनीवर. मियाटा हलकी आहे, पण इतकीही हलकी नाही.

टिकटिकीला घाबरू नका. १९९७पर्यंतच्या मियाटात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हमधले तेलाच्या दाबावर चालणारे भाग. गाडी बरेच दिवस उभी राहिली, ऑइल जुनं झालं किंवा कमी झालं, की त्यांच्यातलं तेल उतरतं आणि थंडीत टॅपेट वाजतात. ऑइलची पातळी बघा (गळतंय म्हणजे कमी झालेलं असणारच), मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं नवं ऑइल आणि नवा फिल्टर घाला, आणि गाडी पूर्ण गरम झाल्यावर हायवेवर एकदा दमदार चालवून आणा. बऱ्याचदा एवढ्यानं आवाज जातो, नाहीतर निदान गरम झाल्यावर तरी थांबतो. दुकानातल्या जादूच्या बाटल्या घालायची गरज नाही. आवाज टिकटिक नसून खालून येणारा ठकठक असेल आणि इंजिनावर भार आला की वाढत असेल, तर मात्र गाडी तिथेच थांबवा.

इथे एक गंमत सांगितली पाहिजे. तुमच्या डॅशवर ऑइल प्रेशरचा काटा आहे आणि तो कायम मधोमध असतो, बरोबर? १९९५पासूनच्या गाड्यांत तो काटा खरं माप दाखवतच नाही. थोडंसं प्रेशर आलं की काटा मध्यावर, गेलं की खाली, म्हणजे दिव्याचंच काम काट्याला दिलंय. सुरुवातीच्या गाड्यांत तो खराखुरा होता. तेव्हा काट्यावर विसंबू नका, डिपस्टिक बघत जा. गळती थांबेपर्यंत दर पेट्रोल भरण्याला.

चढावरचे गचके म्हणजे आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला ‘मिसिंग’ म्हणतात तेच दिसतंय. कमी आरपीएमवर, मोठ्या गियरमध्ये जोर मागितला की स्पार्कवर सगळ्यात जास्त ताण येतो, आणि या इंजिनात त्याला सगळ्यात आधी हार मानतात प्लगच्या वायरी. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून बोनेट उघडा. वायरींवर कुठे निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या तर दुसरं काही शोधू नका. फक्त हात लांब ठेवा. प्लग आणि वायरी एकत्रच बदला. तुमची गाडी १९९६ची हे इथे नशीब समजा, कारण त्या सालापासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कारना ओबीडी-टू (गाडीचे बिघाड कोडनं सांगणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. साधा कोड रीडर लावा, मिसफायरचा कोड असेल तर तो दाखवेल. कोड ‘लीन’ मिश्रणाचा (हवा जास्त, पेट्रोल कमी) आला, तर एअर फिल्टरकडून थ्रॉटलकडे येणाऱ्या जाड रबरी पाइपच्या सुरकुत्या ताणून बघा, त्यांच्या खाचांत चिरा पडतात.

हेडलाइट. या गाडीचे हेडलाइट मोटरनं वर-खाली होतात. त्या मोटरच्या कनेक्टरवरचा गंज साफ करा आणि सांध्यांना ग्रीस लावा, बहुतेक तेवढंच आहे. वाटेत अडकला तर मोटरवर एक रबरी टोपी असते, तिच्याखालचा नॉब हातानं फिरवून लाइट वर आणता येतो. पण आधी रिट्रॅक्टरचा (लाइट वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचा) फ्यूज काढा. मोटर अचानक जागी झाली तर बोटं जायची.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी डिकी उघडून उजवीकडे बघा. मियाटाची बॅटरी तिथे असते. कंपनीनं तिथे सीलबंद, एजीएम जातीची (आतलं ॲसिड काचेच्या धाग्यांच्या चटईत शोषलेलं) बॅटरी दिली होती, आणि तिच्यातला वायू गाडीबाहेर सोडायला दोन बारीक नळ्या. आधीच्या मालकानं तिथे साधी ॲसिडची बॅटरी नळ्यांशिवाय कोंबली असेल, तर तिच्या वाफेनं डिकीचा पत्रा खालून खाल्ला जातो. पांढरी पूड किंवा आंबूस वास आला तर बॅटरी बदला आणि पत्रा खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा. आणखी एक: टायरच्या दुकानात सवयीनं ३५ पाउंड हवा भरतात. कंपनीच्या मापाच्या टायरवर या गाडीला २६ लागते. ३५वर ती रस्त्यावर उड्या मारते आणि मालक शॉक ॲब्सॉर्बर बदलत बसतो.

वाचलेले पैसे कुठे घालायचे तेही सांगतो. टायमिंग बेल्ट (कॅमशाफ्ट फिरवणारा पट्टा) कधी बदलला याचा कागद आधीच्या मालकाकडे मागा. त्याचं ठरलेलं अंतर ६० हजार मैल. कागद नसेल तर बदललेला नाही असंच धरा. तुमच्या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, इंजिन वाचतं, पण गाडी मात्र टर्नपाइकच्या मधल्या लेनमध्ये उभी राहील. वॉटर पंप या बेल्टवर फिरत नाही, पण तो काढायला हाच बेल्ट उतरवावा लागतो, म्हणून तोही त्याच खेपेला बदला. त्यावेळी टॅपेट कव्हर उघडावंच लागतं, तेव्हा त्याचं पॅकिंगही. हे काम गॅरेजला द्या, पण वेगळ्या गॅरेजला, आणि देताना पहिलं एस्टिमेट दाखवू नका. आधी त्याचं म्हणणं ऐका.

राहिला वहिनींचा प्रश्न. सिल टणक वाजले तर गाडी ठेवा. या गाडीचे सुटे भाग मिळायची अजून चिंता नाही. १९८९मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा दाखवली, आणि २०१६मध्ये तिच्या सगळ्या पिढ्या मिळून दहा लाखांचा आकडा पार झाला. इतक्या गाड्या असल्या की भाग बनवणारेही राहतात. वर सांगितलेलं सगळं, बेल्ट धरून, १४०० डॉलरच्या आसपास किंवा त्याच्या आतच बसायला हवं, क्लचचं काम तुम्ही घरी केलंत तर.

सिल बद्द वाजले तर पत्रेकाम करणाऱ्याला दाखवा, आणि तो एस्टिमेट देईपर्यंत बाकी कशावरही एक डॉलर खर्च करू नका. बाहेरचा पत्रा तेवढा सडला असेल तर कापून नवा वेल्ड करतात. आतला पत्राही गेला असेल, तर बर्फाचं मीठ रस्त्यावर पडायच्या आत, घेणाऱ्याला सिल दाखवून, खरं सांगून विका.